थेरोंडकर माफी मागायला येतात

मला नकला येतात. पूर्वी हे मी छाती फुगवून सांगायचो, आता जरा आवाज खाली घेऊन सांगतो. कराडच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मी मार खाल्ला, कॉलेजात रेक्टरची करून बक्षीस मिळवलं, आणि तेव्हापासून माझी अशी पक्की समजूत झाली की मला इंजिनिअर करण्यात काहीतरी घोळ झालाय. अंबत्तूरला, ब्रेकचे पितळी जोड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी चिकटलो तेव्हा मला तमिळचा त येत नव्हता. तरी आठवड्याभरात मी प्लँट मॅनेजरचं चालणं कॅन्टीनमध्ये चालून दाखवलं. चालायला भाषा लागत नाही. लोक खो खो हसले आणि मला वाटलं, चला, चेन्नई आपली झाली.

हसला नाही तो एकच माणूस. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला, साठी केव्हाच ओलांडलेला, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला. त्यानं जेवण अर्धवट ठेवून डबा उचलला आणि तो धुवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस माझ्या टेबलाशी येऊन चक्क मराठीत म्हणाला, "इनामदार ना? मी शालोम थेरोंडकर. क्वालिटीत असतो. कालचं तुमचं चालणं हुबेहूब होतं."

"मग हसला नाहीत?"

"मला तुमच्या चालण्यात त्यांचा गुडघा दिसला. डावा. ऑपरेशन झालंय. म्हणून तो पाय ते तसा टाकतात."

एवढंच बोलून ते गेले. मी दिवसभर त्यांच्यावर चिडून होतो. एखाद्याचा विनोद मारायचा तर सरळ मारावा, असा गुडघा मधे घालू नये.

नाव शालोम, तेव्हा मी त्यांना कोकणातले ख्रिश्चन समजलो. ते म्हणाले, "नाही हो, आम्ही बेने इस्रायल. ज्यू." मी माझ्या अफाट सामान्यज्ञानाच्या जोरावर विचारलं, "म्हणजे तुम्ही इस्रायलहून आलात?" ते म्हणाले, "हो. पण वाटेत दोन हजार वर्षं अलिबाग तालुक्यात थांबलो." त्यांचे पणजोबा रेवदंड्याच्या बाजूला तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. पणतूही शनिवारी बंद. सगळा कारखाना शनिवारी चालू असताना थेरोंडकर घरी, आणि सगळे रविवारी लोळत असताना ते एकटे येऊन मोजमापाचे गेजेस तपासत बसलेले. हा सौदा त्यांनी तीस वर्षांपूर्वी नोकरीला लागतानाच करून घेतला होता. पुढे पाच मॅनेजर बदलले, सौदा बदलला नाही. शनिवारी त्यांचा फोनसुद्धा उचलला जात नसे. मी एकदा चाचणी म्हणून सतरा वेळा लावून पाहिला आहे. लोक आपला वेळ सत्कारणी लावतात तो असा.

डब्याचं गूढ मला उलगडायला महिना लागला. कॅन्टीनमध्ये कुणी गैरहजर माणसाबद्दल बोलायला लागलं की थेरोंडकर डबा धुवायला उठत. रागावून नाही, "चालू द्या तुमचं" असा चेहराही न करता. फक्त उठत. अमक्याची बायको माहेरी का गेली, तमक्याला प्रमोशन कसं मिळालं, की हे निघाले नळाकडे. कॅन्टीनचे नायर मला म्हणाले, "तुम्ही आल्यापासून साहेबांचा डबा फार चकाकतो." मी शेजारी बसलो की एका जेवणात तीन-तीन धुणी व्हायची. शेवटी मीच वैतागून विचारलं, "काका, खरं असलं तरी बोलायचं नाही?"

"खोटं असलं तर ती बदनामी झाली. तिची बंदी निराळी आहे. ही बंदी खऱ्याचीच आहे."

"मग माणसानं जेवताना बोलायचं काय?"

त्यांनी खरोखर विचार केला. त्यांची ही खोड होती, थट्टेतला प्रश्नसुद्धा ते मनावर घेत. मग म्हणाले, "मला पण जमत नाही हो. म्हणून तर उठतो. मला ऐकायला आवडतं."

हे ऐकून मी चाट पडलो. मला वाटत होतं हा माणूस माझ्यावर रुसून जातो. तो स्वतःला वाचवायला पळत होता.

त्यांच्या तपासणीच्या खोलीला काचेचं दार होतं आणि आत बारमाही गारवा. उन्हाळ्यात लोक खोटी कामं काढून तिथे यायचे. थेरोंडकर मापं ताडून बघायचे पोलादाचे चौकोनी ठोकळे मऊ कातड्यानं पुसत बसलेले असायचे आणि त्यांचा मदतनीस सेल्वम आकडे लिहीत असायचा. एखाद्या कामगाराचा माल नापास झाला की ते त्याला आत बोलवत, दार लावत, काचेवरचा पडदा ओढत आणि मगच बोलत. बाहेर आलेल्या माणसाला काय झालं ते कुणाला कळत नसे. त्यांच्यात म्हणे चारचौघांत माणसाचा चेहरा पांढरा पाडणं म्हणजे त्याचं रक्त सांडण्यापैकी धरतात. "रक्त चेहऱ्यावरूनच जातं ना," ते म्हणायचे, "कुठे गेलं म्हणून हिशेब मागणारच की वरचा."

माझं रक्त त्यांनी एकदा वाचवलं. मी जुन्या आवृत्तीचं ड्रॉइंग खाली पाठवलं आणि अख्खी खेप भंगारात गेली. मीटिंगमध्ये मॅनेजर टेबलावर हात आपटून विचारत होते, कुणाचं काम हे? मी पाण्याच्या बाटलीवरची अक्षरं वाचत होतो. थेरोंडकर म्हणाले, "पहिल्या नगाच्या तपासणीत सापडायला हवी होती चूक. आमच्याकडून सुटली." हे खोटं नव्हतं, सुटली होतीच. फक्त गाडी तिथे थांबली, माझ्यापर्यंत आली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी कृतघ्न, त्याच दुपारी चहाच्या वेळी "आमच्याकडून सुटली" हे त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. ते डबा धुवायला गेले असावेत.

आता रावांविषयी, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट होत नाही. सेतुमाधव राव स्टोअर्सचे प्रमुख. तंजावरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी त्यांची माणसं दक्षिणेत आली आणि तेव्हाची मराठी तिथेच जपून राहिली, मधे भरपूर तमिळ मिसळून. माझ्या वेस्ट मांबलमच्या खोलीपासून त्यांचा फ्लॅट दोन गल्ल्या पलीकडे. मी मराठी आहे कळल्यावर रावांनी मला घरी नेलं, "या, बैसा" म्हणाले, त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी काफी आणली. पुढे दर रविवारी मी तिथे. राव मला शब्द सांगायचे. "सगळे" नाही म्हणत आम्ही, "अस्के" म्हणतो. त्यांची आई नातवंडांना कशी हाक मारायची, कशी रागवायची, आजारपणात शेवटी काय काय म्हणाली, ते सगळं. मी वहीत लिहून घ्यायचो. त्यांचे डोळे भरून यायचे. त्यांना वाटायचं, महाराष्ट्रातला एक मुलगा आपली भाषा शिकतोय. त्यांच्या स्वतःच्या मुली घरात तमिळ बोलायच्या.

मी काय करत होतो ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी मटेरिअल गोळा करत होतो.

गणपतीत आम्हा मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो एका हॉलमध्ये. मी एकपात्री केला, नाव ठेवलं, "तंजावूरचे मामा". रावांना आणि कमलाबाईंना आग्रह करकरून मीच बोलावलं, दुसऱ्या रांगेत बसवलं. एवढा मी थोर. मला वाटलं, स्वतःला स्टेजवर बघून माणूस खूश होईल. त्यांचं हेल काढून बोलणं, मान हलवणं, मराठी वाक्याच्या मधेच तमिळ घुसणं, आईच्या त्या हाका, सगळं केलं. हॉल कोसळायचा बाकी राहिला. पुण्याच्या एक बाई तर खुर्चीतून घसरल्या. आणि चौथ्या रांगेत थेरोंडकर रुमालानं डोळे पुसत होते. हसून हसून. मला तेव्हा वाटलं, जिंकलो, या माणसाला हसवलं.

मध्यंतरात रावांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

सोमवारी मी स्टोअर्सच्या खिडकीशी जाऊन म्हणालो, "काय राव, लवकर गेलात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं, "येस सर, व्हॉट मटेरिअल यू नीड?" त्या दिवसापासून रावांची मराठी बंद. माझ्याशी बंद, थेरोंडकरांशी बंद. कमलाबाई बाजारात भेटल्या तेव्हा चाचरत म्हणाल्या, घरांतही बोलत नाहींत, आईच्या फोटोसमोर रोज स्तोत्र म्हणायचे तेंही मनांत म्हणतात. मी म्हणालो, "होतील ठीक." आणि कोथिंबीर घेतली. साठी गाठलेल्या माणसाच्या तोंडची भाषा मी बंद पाडली होती आणि मी कोथिंबिरीची जुडी निवडत होतो.

दोन आठवड्यांनी थेरोंडकर माझ्या टेबलाशी आले. "संध्याकाळी मोकळे आहात? मला तीन माणसं लागतात. सेल्वम आणि नायर येतायत."

"कशाला?"

"माफी मागायला जायचंय."

मग बसमध्ये त्यांनी समजावलं. त्यांचा मोठा उपास जवळ आला होता, वर्षाच्या पापांचा निकाल लागतो तो दिवस. जुनी कोकणातली माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणायची, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरं नेसून, घरात देवापुढे बसायचं. देवाचा अपराध केला असेल तर देव त्या दिवशी माफ करतो. माणसाचा अपराध मात्र देवाच्या हातात नाही. त्या माणसाच्या दारात स्वतः जावं लागतं. त्यानं नाही म्हटलं तर तीन माणसं साक्षीला घेऊन पुन्हा जायचं. तीनदा.

"पहिल्यांदा एकटे जाऊन आलात?" मी विचारलं.

"स्टोअर्समध्ये विचारलं परवा. 'इट्स ओके सर' म्हणाले. ती माफी नव्हे. ते खिडकी लावणं झालं."

सेल्वमला हे फार पटलं. तो नायरांना म्हणाला, "देवाकडे डिपार्टमेंट वेगळं आहे सार. फॉर्म इथेच भरायचा."

रावांच्या घरी आम्ही चौघे ओळीनं उभे. कमलाबाईंनी तट्टैची, तांदळाच्या कडक चकत्यांची, बशी आणली. थेरोंडकर बसले नाहीत. ते म्हणाले, "राव, त्या संध्याकाळी मी हसलो. तुमच्या बोलण्याला हसलो. तुमच्या आईच्या शब्दांना हसलो. तुम्ही पुढे बसलेले मला दिसत होतात, तरी हसलो. मला माफ करा."

बस्स. मी काय केलं, कुणी हसवलं, एक अक्षर नाही. खोलीत सहा माणसं आणि सहाही जणांना ठाऊक की हसवणारा हा बशीतलं तट्टै खात उभा आहे. तोंडातला घास मला गिळता येईना, आणि तट्टै हा प्रकार चावल्याशिवाय गिळता येत नाही. त्या शांततेत मी ते चावलं. कडाकडा आवाज झाला. आयुष्यात माझ्या इतक्या सभा गाजल्या, पण तेवढा आवाज कधी झाला नव्हता.

"परवाइल्ले, सर," राव म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही, आणि दार उघडून उभे राहिले.

जिन्यात मी विचारलं, "काका, माझं नाव का नाही घेतलंत?"

"मी माझ्या हसण्याचं सांगायला गेलो होतो."

"पण केलं तर मी ना?"

"ते तुम्ही सांगायचं. मी तुमचा वकील आहे का?"

पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांदा जायचं ठरलं तेव्हा मला ताप आला. म्हणजे मी तसं कळवलं. संध्याकाळी मी खोलीवर परोटा आणि त्याबरोबरचा सालना रस्सा घेऊन मॅच बघत बसलो होतो, तर दारावर टकटक. थेरोंडकर. हातात मोसंबी. "आजाऱ्याला भेटायला जावं असं आमच्यात आहे," ते म्हणाले आणि बाहेर, उंबऱ्यापलीकडे, सेल्वम आणि नायर पिशव्या घेऊन उभे. थेरोंडकरांनी परोट्याकडे पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ, खरोखर तपासत असल्यासारखा. म्हणाले, "आमच्यात मानतात, भेटायला आलेला माणूस दुखण्याचा साठावा भाग उचलून नेतो. आम्ही तिघे आहोत. तुमचं फार नव्हतंच. घाला चपला."

खोटं बोललात असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडलो असतो. आता मी निमूट चपला घातल्या.

दुसऱ्या भेटीत थेरोंडकरांनी पुन्हा तेच शब्द म्हटले, एकही न गाळता. राव पुन्हा "परवाइल्ले" म्हणाले. तेव्हा मला वाटलं आपणही काहीतरी बोलावं, आणि मी माझ्या सगळ्या वक्तृत्वासकट तोंड उघडलं. "राव, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मी दिलगीर आहे. कला म्हणजे शेवटी..." कला म्हणजे शेवटी काय ते राहूनच गेलं, कारण राव उठून उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, "यू केम टू माय हाउस एव्हरी संडे." आणि आतल्या खोलीत गेले.

परतताना स्टेशनपाशी सेल्वम, त्याला थेरोंडकरांच्या हाताखाली मराठी कळायला लागलं होतं, म्हणाला, "सार, 'असेल तर' कशाला घातलं? आम्ही रिजेक्शन रिपोर्टमध्ये लिहितो का, माल खराब असेल तर?" पोरगा बरोबर होता. सत्तावीस वर्षांचा सेल्वम मला माफी शिकवत होता आणि मी मान हलवत होतो.

थेरोंडकरांचा चेहरा त्या आठवड्यात उतरला. मला वाटलं माफी मिळत नाही म्हणून. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "माझं काय, तीनदा विचारलं की मी सुटलो. नंतर माफ न करणाऱ्याच्या माथी ते पाप जातं. म्हणजे मी जाऊन जाऊन त्या भल्या माणसाच्या माथी पाप चढवतोय. आधी हसलो ते हसलोच." त्यांनी पोलादी ठोकळा पुसून पेटीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. "त्यांची माफी माझ्यावर अडलेली नाही, इनामदार." त्यांनी माझ्याबद्दल माझ्या तोंडावर एवढंच म्हटलं. बाकी सगळं मी घरी जाऊन स्वतःला ऐकवलं. नकलाकार असल्याचा हा एक तोटा, स्वतःला शिव्या घालायच्या तरी दुसऱ्याच्याच आवाजात ऐकू येतात.

तिसरी भेट उपासाच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला. सूर्य मावळायच्या आत थेरोंडकरांना घरी पोचून, जेवून, दार लावून घ्यायचं होतं. मी वही घेऊन गेलो.

या वेळी त्यांनी बोलायच्या आधी मी बोललो. उभ्यानं, आणि लिहून आणलेला खिशातला कागद न काढता. "राव, मी दर रविवारी तुमच्याकडे शिकायला येत नव्हतो. स्टेजसाठी शब्द न्यायला येत होतो. तुम्ही रडायचात तेव्हा मी तुम्ही कसे रडता ते बघायचो. ही वही. यात समासात मी कुठे हशा येईल ते लिहिलंय. मला तुमच्यापुढे उभं राहायचं तोंड नाही. मला माफ करा."

आणि माझा आवाज फुटला. कुणाच्याच नकलेत न बसणारा, किनरा, भिकार आवाज. तो माझा स्वतःचा होता, मी पहिल्यांदाच ऐकला.

रावांनी चष्मा लावला आणि वही उघडली. पानं उलटत गेले. आईच्या आजारपणातल्या बोलण्याचं पान आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. तिथे समासात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: इथे हशा, थोडं थांबणे.

"एथें हांसले?" राव म्हणाले.

मराठीत. पाच आठवड्यांनी.

"हो," मी म्हणालो.

"अस्के?"

बाजूनं थेरोंडकर म्हणाले, "मी पण."

कमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, हातातलं भांडं तसंच. मग रावांनी ते पान मोठ्यानं वाचलं. सगळं. आईला तहान लागली होती आणि ती पाणी मागत होती, लहानपणी मागायची त्या शब्दांत, आणि ती रावांना ओळखत नव्हती. त्यांनी तसंच वाचलं, त्यांच्या हेलात, मान हलवत, जसं मी हुबेहूब केलं होतं. फक्त आता कुणाला हसू आलं नाही. कमलाबाई रडत होत्या. मी रडत होतो. नायरांना मराठीचं ओ की ठो कळत नाही, तेही डोळे पुसत होते.

वही मिटून राव म्हणाले, "ही मी ठेवतों." मग थेरोंडकरांकडे वळून, "माफ केलें." मग माझ्याकडे बघायला त्यांना जरा वेळ लागला. "तुम्हांसही. जा. रविवारीं येऊं नका. पुढच्या महिन्यांत पाहूं."

सेल्वमनं हळूच मला कोपरानं ढोसलं, "मुडिंजिदा सार?" झालं का?

झालं, मी म्हणालो.

मांबलम स्टेशनच्या जिन्यावरून थेरोंडकर भराभर उतरत होते, मी मागे. त्यांना तांबरमची गाडी पकडायची होती. उपास संपला की चारच दिवसांनी ते नोकरी सोडून ठाण्याला मुलीकडे कायमचे जाणार होते आणि निरोपसमारंभ नको म्हणून त्यांनी आधीच कळवून टाकलं होतं. ते खूश असतील असं मला वाटलं. पण फलाटावर येऊन ते थांबले, माझ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"इनामदार, आता तुम्ही मला माफ करा."

"मी? काका, काहीतरीच काय!"

"पाच आठवडे मी मनात तुमच्यासाठी एक शब्द वापरत होतो. रोज. सकाळी प्रार्थनेला बसलो तरी तोच यायचा."

"कुठला शब्द?"

"तो सांगितला तर त्याची आणखी एक माफी मागावी लागेल. गाडी येतेय. लवकर करा."

मी हसायला लागलो. ते हसत नव्हते. हात जोडलेलेच होते. हा माणूस उद्या दिवसभर दार लावून, अन्नपाण्याविना आपल्या देवापुढे बसणार होता आणि त्याचं सगळं अडलं होतं माझ्यापाशी. माझ्यासारख्या माकडापाशी. माझी आजवर कुणी माफी मागितली नव्हती. मागावी इतका मी कुणाच्या हिशेबात धरलाच गेलो नव्हतो. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाडी धडधडत आली, भोंगा वाजला, दारातली माणसं उतरली, बाहेरची घुसली, आणि थेरोंडकर त्यांच्याबरोबर आत ढकलले गेले.

"केलं माफ," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी दारातल्या दांड्याला धरून दुसरा हात कानाशी नेला.

गाडी हलली. मी तिच्याबरोबर फलाटावरून धावलो आणि छाती फुटेल इतक्या मोठ्यानं ओरडलो, "माफ केलं! काका, माफ केलं! माफ केलं!" सगळा फलाट वळून बघायला लागला. माझा तो किनरा आवाज अख्ख्या मांबलमनं ऐकला.

थेरोंडकरांनी मान हलवली. जोडायला हात मोकळा नव्हता, म्हणून एकच हात छातीवर ठेवला, आणि आत जाऊन बसले.